कालव्यातलं वशिंड

११ फेब्रुवारी. काम : गच्चीवर गाद्या उन्हात घालणे.

नांदेडमधल्या माझ्या होस्टेलमध्ये बेचाळीस मुली राहतात. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा क्लास करायला आलेल्या, मुखेड, देगलूर, उदगीर, पार परभणीकडच्या. त्यांच्या बेचाळीस गाद्या महिन्यातून एकदा उन्हात पडल्याच पाहिजेत. नाहीतर ढेकूण होतात, आणि ढेकूण झाल्याची बातमी मुलीच्या फोनवरून तिच्या आईच्या कानावर जायला पाच मिनिटंही लागत नाहीत. मुली क्लासला गेल्या की स्वयंपाकाच्या मावशी आणि मी मिळून हे काम उरकतो. सतरावी की अठरावी गादी कठड्यावर टाकत होते, तेवढ्यात जिन्यातून दूधवाल्यांच्या घरची वहिनी वर आली.

ती कधी शहरात येत नाही. दूध तिचा धाकटा दीर आणतो, मोटारसायकलला दोन्हीकडे कॅन बांधून. ती विष्णुपुरीच्या पुढे त्यांच्या आखाड्यावर असते. आखाडा म्हणजे शेतातलं गुरांचं छप्पर आणि शेजारी दोन खोल्या. अकरा म्हशींचं सगळं तीच बघते. मी बसायला गादी पुढे सरकवली. ती बसली नाही.

"मॅडम, एक इचारू का? राग नका मानू."

"विचारा."

"आमचं शेत तुम्ही घेऊन राहिल्या का?"

मावशींचा हात गादीवर थांबला. मी म्हटलं, "नाही. कुणी सांगितलं?"

"सगळेच म्हणून राहिले. घेत असाल तर घेतो म्हणा, एकदाचं कळू द्या. आज चार वाजता भावकी बसणार हाय. माझे मामेसासरे येणार हाईत वाटणी करायला. पाण्याकडची बाजू दिराला, माळाकडची आम्हाला. चारा समदा पाण्याकडंच हाय. माळावर दगड खाऊन म्हशी दूध देतील का? मला त्या इकाव्याच लागतील." हे ती न रडता, एका दमात बोलली. मग म्हणाली, "घेणार न्हाई म्हणता, तर मग रोज पहाटं कामून येता?"

उत्तर माझ्याकडे होतं. पण गच्चीवर, मावशींच्या देखत देण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "चार वाजता येते मी. सगळ्यांसमोर सांगते." तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. विश्वास बसलेला दिसला नाही. ती जिना उतरून गेली आणि मी उरलेल्या गाद्या टाकल्या.

हे सगळं जानेवारीत, दुधापासून सुरू झालं होतं.

मी संशयी बाई आहे, आणि माझ्या धंद्यात ते चालतं. मुलगी "मामाकडे जाते" म्हणाली की मी मामाला फोन करते. बाहेर जायच्या अर्जावरची वडिलांची सही मी प्रवेशाच्या फॉर्मवरच्या सहीशी ताडून बघते. कुणी सकाळी उशिरा खाली आली, कुणाचे डोळे सुजलेले असले, कुणी एकदम चांगली वागायला लागली, की मी लक्ष ठेवते. तेव्हा जानेवारीत दूध पातळ लागायला लागलं तर मी काय करणार? दुधात लॅक्टोमीटर बुडवून पाहिलं, समाधान झालं नाही. म्हणून एका पहाटे न सांगता स्कूटी काढली आणि थेट आखाड्यावर गेले, धार काढताना समोर उभं राहायला.

वहिनी धार काढत होती. माझ्या मनात काय आहे ते तिने ओळखलं. म्हणाली, "या, हितं उभ्या ऱ्हावा. बादली आधी पालथी करून दावते." बादली कोरडी होती. दूध घट्ट, फेसाचं होतं. कॅनही कोरडे होते. अर्धा तास उभी राहिले, काही सापडलं नाही. खरं सांगायचं तर थोडी निराशाच झाली.

परत निघाले तेव्हा मोठ्या कालव्यातून फुटलेल्या चारीच्या कडेने आले. त्यांच्या शेताला लागूनच ती जाते, सिमेंटची, कमरेइतक्या पाण्याची. रब्बीचं पाणी सुटलेलं होतं. एका ठिकाणी चारी दोन हात खाली उतरते. पाणी तिथे घसरतं, आणि खाली आपटून पुन्हा वर उचलून उभं राहतं. पुढे जात नाही, मोडत नाही, तिथेच एक फुगवटा धरून थरथरत असतं. आवाज ऐकून मी स्कूटी थांबवली. स्टँड लावायचंही भान राहिलं नाही, गाडी बांधाला टेकवली.

लहानपणी आम्ही त्याला वशिंड म्हणायचो. बैलाच्या खांद्यावर असतं तसंच दिसतं म्हणून.

माझं गाव लातूर जिल्ह्यातलं, कालव्याकाठचं. चारीला पाणी सुटलं की आम्ही पाच-सहा पोरी आणि माझे दोन चुलतभाऊ वशिंडावर चढायचो. पद्धत अशी होती : वरच्या बाजूच्या बाभळीला बैलाचा कासरा बांधायचा, दुसरं टोक हातात घ्यायचं. गोठ्याच्या जुन्या दाराची एक फळी होती, ती पोटाखाली घेऊन पाण्यात सरकायचं. कासरा ताणला की फळी बरोबर वशिंडावर येऊन थांबायची. पाणी खालून पळतंय आणि आपण जागच्या जागी. मग गुडघ्यावर यायचं, मग एक पाय, मग दुसरा. उभं राहिलं की वर्गाच्या बाकावर उभं केल्यासारखं सगळं शिवार दिसायचं. पडलं तर पाणी ढकलून वीस पावलं खाली नेऊन सोडायचं, तिथून पळत परत. आई ओरडायची ती भीतीने नाही, परकर फाटतो म्हणून.

मी दहावी झाले त्या वर्षी गणपती बोळवले आणि पहाटे भूकंप झाला. आमचं गाव कडेला होतं, भिंती पडल्या, माणसं वाचली. पलीकडच्या गावांत तसं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिकडून ट्रॅक्टर लाकूड मागायला आला, जाळायला लाकूड पुरत नव्हतं. वडिलांनी गोठ्यातलं होतं नव्हतं ते सगळं चढवून दिलं. त्यात ती फळी गेली. कुणाला तिची आठवण काढायची लाज वाटावी असे ते दिवस होते, म्हणून मीही काढली नाही.

त्यानंतर कुणाचा कशावर भरवसा राहिला नाही. घर उभं असूनही आम्ही अंगणात पत्र्याखाली झोपायचो. रस्त्याने ट्रक गेला तरी सगळे उठून बसायचे. विहिरीचं पाणी खाली गेलं की शंका, वर आलं की शंका. वडील म्हणाले, इथे राहून काही होणार नाही, आणि मला शिकायला लातूरला मामांकडे पाठवलं. लातूरचे निकाल तेव्हा पेपरात झळकायला लागले होते. मामींनीही पुढच्या खोलीत दोन मुली ठेवून घेतल्या होत्या. मुलींना कसं सांभाळायचं, कोणत्या डब्याला कुलूप लावायचं आणि कोणत्या नाही, हे मी तिथे बघत बघत शिकले. पुढे लग्न होऊन नांदेडला आले. इथेही क्लास वाढले तशी मी आधी दोन मुली ठेवल्या, मग सहा, मग हे होस्टेल. यात पाण्यात पाय बुडवायला वेळ कधी होता?

तर जानेवारीतल्या त्या सकाळी मी वशिंडाजवळ दहा मिनिटं उभी राहिले. होस्टेलवर आल्यावर अडगळीच्या खोलीतून एका मोडक्या स्टडी टेबलाचा वरचा भाग काढला. सनमायका लावलेली फळी, उभी धरली तर छातीपर्यंत येणारी. कडेला कुठल्यातरी मुलीने पेनने सूत्रं लिहून ठेवली होती. कडा घासून घेतल्या. मोंढ्याच्या बाजारातून नवा कासरा आणला. माझे हात आता लहानपणीसारखे धरत नाहीत, म्हणून कासऱ्याला दीड-दीड हातावर गाठी मारल्या.

पहिल्या दिवशी चार वेळा पडले. पाचव्यांदा फळी पोटाखाली बसली आणि मी वशिंडावर होते. उभी नव्हते, नुसती पालथी. पाणी गार होतं, नाकात गेलं होतं, कोपर खरचटलं होतं. आणि मी मोठ्याने हसत होते, एकटी. पुष्कळ वर्षांत माझा तसा आवाज मी ऐकला नव्हता, म्हणून चपापून मागे वळूनही पाहिलं.

सहाव्या दिवशी उभी राहिले. फार तर दहा आकडे मोजता येतील इतका वेळ. त्या वेळात कुणाला फोन करायचा नव्हता, कुणाची सही तपासायची नव्हती. पाय थोडे वाकवायचे, नजर समोर, गाठ घट्ट धरायची. यापलीकडे डोक्यात काही राहतच नाही, राहिलं की माणूस पडतो.

नियम ठरवले. मोठ्या कालव्यात कधीही उतरायचं नाही, फक्त चारीत. पाणी कमरेवर गेलं की परत. पुढे चारी पाइपात शिरते, त्याच्या अलीकडे धरायला पाण्यावर आडवा दोर बांधून ठेवायचा. सहाला पाण्यात, साडेसहाला बाहेर, सातला होस्टेलवर नाष्ट्याला हजर.

आणि मी खोटं बोलले. वहिनीने दुसऱ्याच दिवशी विचारलं, "मॅडम, परत आल्या? दुधात काय निघालं का?" मी म्हटलं, "नाही हो, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. शुगर आहे. इकडे हवा चांगली." मला शुगर नाही. पण बेचाळीस मुलींच्या आईवडिलांनी ज्या बाईच्या भरवशावर पोरी ठेवल्यात, ती बाई पहाटे टेबलाच्या फळीवर उभी राहते, हे सांगायचं कसं? म्हणून चारीकडे जाताना आणि येताना मी बांधावरून खरोखर दोन फेऱ्या मारायचे, कुणी पाहिलं तर चालताना दिसावं म्हणून. हातपाय गरम व्हावेत म्हणून पावलंही मोजायचे, मोठ्याने.

एखादी मुलगी रोज सकाळी ओल्या केसांनी, बाहेरच्या बाहेर आंघोळ करून आल्यासारखी आली असती, तर मी दोन दिवसांत तिच्या आईला बोलावून घेतलं असतं. माझ्या आजूबाजूचे माझ्यापेक्षा सबुरीचे निघाले, एवढंच.

मावशींनी आठवडाभर वाट पाहिली. मग पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "गंगेवर जाऊन राहिल्या का सकाळी?" गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात.

"नाही."

"नवस असतो एकेकाचा. सांगायचा नसतो. मी कुणाला बोलणार न्हाई."

"नवस नाही, मावशी."

"बरं. न्हाई तर न्हाई." आणि त्या दिवसापासून माझ्या ताटात कांदा-लसणाची भाजी वाढणं त्यांनी बंद केलं.

नवऱ्याचा संशय वेगळा. ते एका शाळेत शिकवतात, शांत माणूस आहेत. एका संध्याकाळी पेपरमागून म्हणाले, "विष्णुपुरीकडे भाव चढलेत म्हणे."

"असतील."

"तू जागा बघतेस का तिकडे? नाही, बघ तू. फक्त मला बाहेरून कळायला नको."

"मी जागा बघत नाही."

"ठीक आहे," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर सहज म्हणून नकाशावर रिंगरोड कुठून जाणार ते दाखवलं.

आमच्याकडे सध्या असंच झालंय. शहराबाहेर कुणी गाडी थांबवून शेताकडे पाच मिनिटं बघितलं की ते प्लॉट पाडणार किंवा होस्टेल बांधणार. दुसरं काही करण्यासाठी माणूस शेताकडे बघू शकतो, हे आता कुणाला पटतच नाही. मलाही पटलं नसतं.

आखाड्यावर काय चाललंय याचा मला पत्ता नव्हता. नंतर कळलं. थोरल्या भावाने, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याने, मला बांधावरून पावलं मोजत जाताना पाहिलं. त्याने विचार केला : ही बाई आपल्याकडे यायला लागली कशी? रोज शहरात कोण जातं? धाकटा. तिला दूध कोण घालतं? धाकटा. म्हणजे धाकट्याने आपला हिस्सा परस्पर दाखवलाय. धाकट्यानेही शहराकडे जाताना मला वाटेत पाहिलं होतं. त्याने विचार केला : मी सकाळी दूध घेऊन शहरात गेलो की मागे ही येते. मी नसतानाच कामून येते? म्हणजे दादाने ठरवलंय. दोघे महिनाभर एकमेकांवर नजर ठेवून होते. मग धाकट्याला चारीकाठच्या काट्यांच्या कुंपणात लपवलेली फळी सापडली, आणि तिच्याभोवती गुंडाळलेला गाठींचा दोर. तेवढं पुरलं. त्याच रात्री दोघांनी एकमेकांना लबाड म्हटलं आणि त्यांच्या मामाला, म्हणजे वहिनीच्या मामेसासऱ्यांना, निरोप गेला. सकाळी गाद्यांच्या गडबडीत मी चारीवर गेले नव्हते, म्हणून फळी गेल्याचं मला कळलं नाही.

चार वाजता मी पोचले तेव्हा बाजेवर मामा बसले होते, खाली सतरंजीवर भावकीतले दोन चुलतभाऊ, आणि दोन टोकांना दोघे भाऊ. वहिनी दाराच्या चौकटीशी उभी होती. बाजेवर मामांच्या शेजारी, मुद्देमाल ठेवावा तशी माझी फळी आणि कासरा ठेवलेला.

"बसा मॅडम. चहा घ्या," मामा म्हणाले.

"नंतर घेते. आधी हे मिटवू."

थोरल्याने दोर उचलला. "हा तुमचाच ना?"

"माझाच."

"मामा, गाठी बघा. बरोबर दीड-दीड हातावर. मी मोजून पायलं. आन् ही मोजणीची फळी, वर आकडेमोड बी हाय."

"ती आकडेमोड नाही," मी म्हटलं, "फिजिक्सची सूत्रं आहेत. माझ्या होस्टेलमधलं टेबल आहे ते."

धाकटा भावाकडे बघून म्हणाला, "तू गाठी मोजल्यास कशाला, दादा? तुला ठाऊक असल्याबिगर?"

"मला ठाऊक? रोज शहराला कोण पळतंय, मी का तू?"

"भांडू नका रे," मामा म्हणाले. "मॅडमला बोलू द्या. गाठी कशाच्या हाईत?"

"हात घसरू नये म्हणून."

"कशावरून घसरू नये?"

आता सांगावं लागणार होतं. मी सांगितलं. चारी जिथे उतरते तिथे पाणी उभं राहतं, मी कासरा धरून फळीवर तिथे उभी राहते, रोज अर्धा तास.  

"कशाला?" मामांनी विचारलं. त्यांच्या विचारण्यात कुचेष्टा नव्हती, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"बरं वाटतं म्हणून."

धाकटा म्हणाला, "मॅडम, आम्ही येडे हाव का?"

थोरला म्हणाला, "आधी म्हणलात शुगर हाय, चालायला येते. आता म्हणता पाण्यावर उभी ऱ्हाते. उद्या म्हणाल उडते."

महिनाभर भांडणारे दोघे भाऊ इथे मात्र एक झाले, आणि दोघेही माझ्याकडे एकाच नजरेने बघायला लागले. मी म्हटलं, "शुगर नाही मला. ते खोटं सांगितलं, ती माझी चूक. तुमच्या घरात यावरून वाटणीपर्यंत जाईल असं वाटलं नव्हतं. पण जमीन मला नको. एक गुंठाही नको."

"खोटं एकदा बोललात, मंग आताचं खरं कशावरून?" थोरला म्हणाला. हेच मी मुलींना विचारते, अगदी याच शब्दांत.

मामा उठले. "मंग दावा."

पाच पुरुष, वहिनी आणि मी, असे सगळे चारीवर गेलो. मी बदलायचे कपडे आणले नव्हते. ओढणी कमरेला बांधली, चपला काढल्या, कासरा काठच्या बाभळीला बांधला. एका चुलतभावाने मोबाइल बाहेर काढला. मी थांबले. तो व्हिडिओ संध्याकाळपर्यंत कुठे कुठे पोचेल याचा हिशेब माझ्या डोक्यात चटकन झाला. बेचाळीस मुली, त्यांचे बेचाळीस बाप. त्याला फोन ठेवायला सांगितलं असतं तर त्याने ठेवलाही असता. पण मग थोरला म्हणाला असता, लपवायचं काय आहे? वहिनी काठावर पदर चावत उभी होती. मी पाण्यात उतरले.

पहिल्यांदा पडले. फळी एकीकडे, मी एकीकडे, वीस पावलं खाली. काठावर हसू फुटलं. धाकटा ओरडला, "मॅडम, हेच का रोज करता?" मी वर येऊन फळी उचलली, पुन्हा उतरले.

दुसऱ्यांदा कासरा ताणला, फळी बसली. गुडघ्यावर आले. एक पाय. दुसरा. पाणी खालून पळत होतं आणि मी उभी होते. एवढ्या माणसांसमोर, ओल्या कपड्यांत, आणि तरी मला हसू आलं, ते मी दाबलं नाही.

"आरं, उभी हाय की!" मामा ओरडले. "उभी हाय! बघा रं!"

काठावर आले. थोरल्याने कपाळाला आठ्या घातल्या होत्या. तो म्हणाला, "आज केलं. पण महिनाभर हेच करत होत्या, हे कशावरून?"

तेव्हा वहिनी पहिल्यांदा मोठ्याने बोलली. "अहो, सवय असल्याबिगर असं येतं का कुणाला? तुम्ही ऱ्हावा बरं उभे. रोज त्या गेल्या की गाडीच्या जागी माती वली असायची, मला वाटायचं दव हाय. आन् जमीन घेणारी बाई पाण्यात कामून उतरंल? ती बांधावर छत्री धरून उभी ऱ्हाते. मागच्या वळणावर आले व्हते प्लॉटवाले, त्यांचा बूट तरी भिजला का?"

 धाकटा जमिनीकडे बघत म्हणाला, "दादा, मला वाटलं तूच."

"आन् मला वाटलं तूच," थोरला म्हणाला. गळाभेट वगैरे काही झाली नाही. दोघांनी एकमेकांकडे बघणंही टाळलं.

मामांनी निकाल दिला. "वाटणी आज न्हाई. म्हशी हाईत तिथंच ऱ्हातील. पण मॅडम, तोंडी चालायचं न्हाई. बाँडवर लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"ही जमीन तुम्ही, तुमच्या घरवाल्यांनी, नातेवाइकांनी, कुणीच घेणार न्हाई. आन् हितं रोज कामून येता, ते कारण बी लिहा. कारण असल्याबिगर कागदाला वजन येत न्हाई. ते आलं की दोघांच्या मनातलं जाईल. न्हाई आलं तर पुढच्या आठवड्यात मी परत बसतो."

मी म्हटलं, उद्या आणते. वहिनीने मला अंग पुसायला एक जुनं लुगडं आणून दिलं आणि हळूच म्हणाली, "पाय कसे वो थांबतात तुमचे?"

व्हिडिओ मी होस्टेलवर पोचायच्या आधी पोचला होता. मुली जिन्यात दबक्या आवाजात बोलत होत्या, मला पाहून पांगल्या. मावशी ओट्याशी उभ्या होत्या. "म्हंजे नवस नव्हता," असं म्हणून त्यांनी त्या रात्री मला कांद्याची भाजी वाढली. नवऱ्याने व्हिडिओ दोनदा पाहिला आणि विचारलं, "म्हणजे जागा नाहीच?" "नाही." "नक्की?" मी ताट उचलून आत गेले.

साडेआठला देगलूरच्या एका वडिलांचा फोन आला. "मॅडम, एक व्हिडिओ आलाय. त्यातल्या बाई तुम्हीच का?"

"मीच."

"मुलींना पण नेता का तिकडं?"

"नाही. मुली अभ्यास करतात. तुमची मुलगी आत्ता वाचनाच्या खोलीत आहे, देऊ का फोन?"

 "नको. राहू द्या. पण मॅडम, तुम्ही असं… म्हणजे बायकांनी या वयात…"

"तुम्हाला मुलगी न्यायची असेल तर महिनाअखेरीस न्या. नसेल न्यायची तर तिला रविवारी समज द्या, फिजिक्सची चाचणी चुकवली आहे तिने." मी फोन ठेवला. आणखी फोन येतील हे मला कळत होतं. दोन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी कचेरीसमोर स्टॅम्पपेपर घेतला आणि झाडाखाली टाइप करणाऱ्या एका म्हाताऱ्या अर्जनविसाकडे गेले. त्यांनी नाव, वय, पत्ता, गट नंबर भराभर टाइप केला. "कारणे लिहून देते की, सदर जमीन मी अथवा माझे कुटुंबीय खरेदी करणार नाही." इथपर्यंत त्यांची बोटं थांबली नाहीत. "सदर ठिकाणी मी रोज पहाटे येते ते…" इथे थांबले.

"काय लिहू? मॉर्निंग वॉक?"

"नाही."

"वैद्यकीय कारण लिहितो. पक्कं वाटतं."

"नाही. खेळायला लिहा."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं, मग वरच्या ओळीत टाइप केलेलं माझं वय बघितलं. "बाई, कागद कोर्टात गेला तर लोक हसतील."

"हसू द्या. पाण्यात खेळायला. लिहा."

त्यांनी टाइप केलं. मी सही केली, अंगठाही मागितला म्हणून तोही दिला, दोन साक्षीदार म्हणून ते स्वतः आणि शेजारचा चहावाला. तीन झेरॉक्स काढल्या आणि अकराच्या आत आखाड्यावर पोचले. थोरल्याने कागद उन्हात धरून शिक्का खरा आहे का ते पाहिलं. धाकट्याने त्याच्या खांद्यावरून ओळ न् ओळ वाचली. मग दोघांनी एक-एक झेरॉक्स घडी करून खिशात ठेवली. चारीला पाणी अजून तीन दिवस राहणार होतं. मी फळी काखेत मारली आणि चारीकडे गेले.